अपंगत्व निवृत्तिवेतन : बदलते नियम आणि माजी सैनिक

पुणे-नाशिक मार्गाने मंचर ओलांडून नारायणगावकडे निघाले की दोन्ही बाजूंना ऊस, टोमॅटो आणि कांद्याची शेते दिसू लागतात. घोड आणि कुकडीच्या खोऱ्यांतील धरणांमुळे आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांच्या पूर्व भागास पाणी मिळाले आणि शेतीला स्थैर्य आले. पश्चिमेकडे, नाणेघाट, आहुपे आणि भीमाशंकरच्या डोंगररांगांत मात्र आजही पावसाळी भात, वरई आणि हिरड्याचा हंगाम यांवरच अनेक कुटुंबांची वर्षाची गुजराण अवलंबून असते. शिवनेरीच्या परिसरातील या दोन्ही भागांतून तरुण सैन्यात भरती होत आले आहेत. कोणी बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत जातो, कोणी खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, कोणी तोफखान्यात, तर कोणी सिग्नल्समध्ये.

सैनिक सेवेतून परततो तेव्हा तो बहुधा पस्तीस ते चाळीस या वयाचा असतो. पुढे शेती किंवा दुसरी नोकरी करण्याइतके आयुष्य त्याच्यापुढे असते. परंतु परतताना जो निकामी गुडघा, हिमदंशाने गेलेली बोटे, अधू झालेला कान किंवा फिट्स येण्याचा विकार घेऊन येतो, त्याच्या बाबतीत हा हिशेब कोलमडतो. डोंगरउतारावरील भातखाचरात उतरणे त्याला शक्य होत नाही आणि सुरक्षा रक्षकाच्या नोकरीसाठीही त्याची प्रकृती अपात्र ठरते. अशा कुटुंबात अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते की नाही, यावर मुलांचे शिक्षण, औषधोपचार आणि घराचा दैनंदिन खर्च अवलंबून असतो.

हे निवृत्तिवेतन केंद्र शासनाच्या संरक्षण मंत्रालयाच्या नियमांनुसार दिले जाते. गेल्या सहा दशकांत या नियमांत वेळोवेळी महत्त्वाचे बदल झाले. त्यांतील काही माजी सैनिकांच्या हिताचे ठरले, तर काहींमुळे हक्क सिद्ध करण्याची वाट अवघड झाली. कोणता नियम कोणास लागू होतो याची माहिती नसल्यामुळे मागणी मागे पडण्याचा धोका असतो. म्हणून या नियमांचा थोडक्यात परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

एकच आजार, दोन नियम

प्रथम एक काल्पनिक उदाहरण पाहू. समजा, एकाच गावातील दोन जवानांना सेवेत असताना उच्च रक्तदाबाचा विकार जडला. भरतीच्या वेळी दोघेही पूर्णपणे निरोगी होते. पहिला २००५ मध्ये सेवामुक्त झाला आणि दुसरा २०२४ मध्ये. दोघांनीही शांतता क्षेत्रातील छावण्यांत बराच काळ काढला. गावातील पारावर दोघांचे प्रकरण सारखेच वाटेल. प्रत्यक्षात पहिल्याचा दावा १९८२ च्या पात्रता नियमांनुसार तपासला जाईल आणि दुसऱ्याचा २०२३ च्या नियमांनुसार. दोघांचे निकाल वेगवेगळे लागू शकतात.

याचे कारण असे की, सैनिक ज्या दिवशी सेवेतून बाहेर पडतो त्या दिवशी जे पात्रता नियम अमलात असतील, तेच सर्वसाधारणपणे त्याच्या दाव्यास लागू होतात. त्यामुळे शेजाऱ्याला मिळाले म्हणून आपल्यालाही मिळेल, किंवा शेजाऱ्याचा अर्ज फेटाळला गेला म्हणून आपला अर्ज करणेच व्यर्थ, हे दोन्ही समज चुकीचे होत. आपला सेवामुक्तीचा दिनांक कोणता आणि त्या दिनांकास कोणते नियम लागू होते, हा प्रत्येक माजी सैनिकाने विचारावयाचा पहिला प्रश्न आहे.

हक्काचा पाया

नियम कितीही बदलले तरी हक्काच्या दोन मूळ अटी कायम राहिल्या आहेत. लष्कराच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांत त्या स्पष्टपणे नमूद आहेत. पहिली अट अशी की, अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असले पाहिजे. दुसरी अट अशी की, त्याचे प्रमाण २० टक्के किंवा त्याहून अधिक असले पाहिजे.

उद्भवणे आणि बळावणे यांतील फरक समजून घेण्यासारखा आहे. सियाचीनसारख्या हिमप्रदेशात पहारा देताना हिमदंश झाला आणि पायाची बोटे काढावी लागली, तर ते अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले होय. एखाद्याच्या शरीरात विकाराचे बीज पूर्वीपासून असेल, परंतु अतिउंचीवरील वास्तव्य, अपुरी झोप व सततचा ताण यांमुळे तो वाढला असेल, तर तो सेवेमुळे बळावलेला समजला जातो. दोन्ही प्रकारांत हक्क सारखाच असतो. या दोन्हींपैकी काहीही नाही असे वैद्यकीय मंडळाने ठरविले, तर त्या शेऱ्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून सैनिकांच्या बोलण्यात ‘नाना’ असे म्हटले जाते. कागदावर ‘नाना’ असा शेरा पडला की दावा तेथेच अडतो.

हे ठरविणारे वैद्यकीय मंडळ सेवामुक्तीच्या वेळी बसते. सैनिक त्यास ‘मेडिकल बोर्ड’ म्हणूनच ओळखतात. मंडळाचे कामकाज एएफएमएसएफ-१६ या नमुन्यात नोंदविले जाते. विकाराचे नाव, तो प्रथम केव्हा व कोठे दिसून आला, त्याचा सेवेशी संबंध, अपंगत्वाची टक्केवारी आणि ते किती काळ टिकणार, या सर्व बाबी त्यात असतात. घरी परतण्याच्या घाईत असलेल्या जवानास या कागदाचे महत्त्व त्या वेळी कळत नाही. पुढे वीस वर्षांनी एखाद्या न्यायाधिकरणापुढे जाण्याची वेळ आली, तर सर्व युक्तिवाद याच कागदाभोवती फिरतो.

नियमांची वाटचाल

१९७१ च्या युद्धानंतर, १९७२ मध्ये, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी युद्ध-जखम निवृत्तिवेतनाची वेगळी व अधिक उदार तरतूद करण्यात आली. शत्रूशी लढताना आलेले अपंगत्व आणि सेवेतील इतर कारणांनी आलेले अपंगत्व यांत तेव्हापासून फरक केला जातो.

१९८२ च्या पात्रता नियमांनी सैनिकास मोठे संरक्षण दिले. भरतीच्या वेळी एखाद्या विकाराची नोंद नसेल, तर जवान त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरावे, पुढे ज्या विकारामुळे त्यास सेवामुक्त केले गेले तो सर्वसाधारणपणे सेवेतच उद्भवला असे समजावे, हक्क सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकू नये, आणि वाजवी शंकेचा फायदा त्यास द्यावा, ही त्या नियमांची प्रमुख सूत्रे होती. आघाडीवरील सेवेच्या बाबतीत हा फायदा अधिक उदारपणे द्यावा, असेही त्यात म्हटले होते.

पाचव्या वेतन आयोगानंतर ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने मृत्यू व अपंगत्वाच्या प्रकरणांचे अ ते इ असे पाच वर्ग करण्यात आले. सेवेशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणे पहिल्या वर्गात, सेवेमुळे उद्भवलेले वा बळावलेले आजार दुसऱ्या वर्गात, कर्तव्यावरील अपघात तिसऱ्या वर्गात, दहशतवादी व समाजकंटकांचे हल्ले यांसारख्या घटना चौथ्या वर्गात, तर युद्ध, सीमेवरील चकमकी व शासनाने अधिसूचित केलेल्या मोहिमा पाचव्या वर्गात आल्या. पाचव्या वर्गातील अपंगत्वास युद्ध-जखम निवृत्तिवेतन मिळते.

याच आदेशाने टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याची पद्धत १ जानेवारी १९९६ पासून लागू झाली. ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ टक्के अपंगत्व ७५ टक्के आणि ७६ ते १०० टक्के अपंगत्व १०० टक्के धरावे, असे ठरले. मात्र हा लाभ प्रथम केवळ अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी सेवेतून काढण्यात आलेल्यांपुरता मर्यादित होता.

फेब्रुवारी २००१ मध्ये आणखी एक सुधारणा झाली. त्यापूर्वी निवृत्तिवेतनधारकास ठरावीक काळाने पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे जावे लागे आणि प्रत्येक वेळी टक्केवारी कमी होण्याची भीती असे. कायम स्वरूपाच्या अपंगत्वाचे मूल्यमापन एकदा झाले की ते आजन्म ग्राह्य धरावे, सैनिकाने स्वतः मागणी केल्यासच फेरतपासणी करावी, असे या सुधारणेने ठरले. आडगावी राहणाऱ्या माजी सैनिकाच्या लष्करी रुग्णालयाच्या वाऱ्या त्यामुळे थांबल्या.

स्वेच्छेने मुदतीपूर्वी निवृत्त होणाऱ्यांना पूर्वी अपंगत्व घटक मिळत नसे. घरची शेती पाहण्यास कोणी नाही, वडील आजारी आहेत, अशा कारणांनी सेवा सोडणाऱ्या जवानांना हा नियम जाचक ठरे. १ जानेवारी २००६ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने ही अडचण दूर करण्यात आली.

दुसरीकडे, १ जानेवारी २००८ पासून लागू झालेल्या पात्रता नियमांत काही तरतुदी कठोर झाल्या. सेवेत असताना आजार दिसून आला एवढ्यावरूनच तो सेवेमुळे झाला असे सिद्ध होत नाही, असे या नियमांत नमूद करण्यात आले. दाव्याचा पुरावा देण्यास सैनिकास सामान्यतः सांगितले जाणार नाही हे तत्त्व कायम राहिले, परंतु त्यास एक अपवाद जोडला गेला. सेवामुक्तीनंतर १५ वर्षे उलटल्यावर दावा केला आणि तोपर्यंत सेवेची कागदपत्रे मुदत संपल्यामुळे नष्ट झालेली असली, तर हक्क सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. ‘पाहू पुढे कधीतरी’ म्हणून अर्ज लांबणीवर टाकणाऱ्या माजी सैनिकाने ही तरतूद विशेषत्वाने ध्यानात घ्यावी.

न्यायालयांची भूमिका

नियमांचा अर्थ लावताना मतभेद झाले आणि अनेक प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्यांतील धरमवीर सिंग यांचे प्रकरण मार्गदर्शक ठरले. १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झालेल्या या जवानास सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर, १९९४ मध्ये, फिट्सच्या विकारामुळे २० टक्के अपंगत्वासह सेवामुक्त करण्यात आले. हा विकार प्रकृतीतील दोष असून त्याचा सेवेशी संबंध नाही, असे मंडळाने लिहिले होते. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भरतीच्या वेळी अशा विकाराची नोंद नव्हती आणि तो त्या वेळी ओळखता येण्याजोगा का नव्हता याची कारणे मंडळाने दिलेली नाहीत, म्हणून नियमांतील गृहीतकाचा फायदा जवानास मिळाला पाहिजे.

त्यानंतरच्या वर्षी सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, अपंगत्वामुळे एखाद्यास सेवेतून काढून टाकण्यात आले असेल, तर ते अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक आहे असेच मानले पाहिजे. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात, टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा लाभ सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला पाहिजे, असा निर्णय झाला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा एकदा स्पष्ट केले की, वैद्यकीय मंडळाने कारणांशिवाय दिलेले मत हक्क नाकारण्यास पुरेसे नाही.

तथापि प्रत्येक दुखापत सेवेशी जोडता येते, असे मात्र नाही. वार्षिक रजेवर गावी आलेल्या जवानाला मोटारसायकलवरून जाताना अपघात होणे किंवा घराच्या माळवदावरून पडून दुखापत होणे, असे प्रसंग घडतात. रजा ही सेवेचाच भाग आहे, म्हणून अशी दुखापतही सेवेतली, असा समज आढळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जुझार सिंग प्रकरणात, रजेवर असताना गावी झालेल्या स्कूटर अपघाताबाबत अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले. दुखापत आणि लष्करी कर्तव्य यांच्यात कारणसंबंध असला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व होय.

२०२३ चे नियम

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी नवी मार्गदर्शिका लागू झाली. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या राहणीमानाशी निगडित आजारांवर दिल्या जाणाऱ्या अपंगत्व लाभांचा प्रश्न महालेखापरीक्षकांनी त्यापूर्वी आपल्या अहवालात उपस्थित केला होता. नव्या नियमांत अशा आजारांचा सेवेशी असलेला संबंध अधिक काटेकोरपणे तपासण्यावर भर आहे. सैनिकाने सेवा कोठे केली, शांतता क्षेत्रात की आघाडीवर व अतिउंचीवर, यास त्यामुळे अधिक महत्त्व आले आहे.

दुसरा बदल नावाचा आणि वर्गवारीचा आहे. अपंगत्वामुळे सेवेतून काढण्यात आलेले आणि दुखापत वा आजार असूनही सेवेत राहून मुदत पूर्ण करणारे, असे दोन गट करण्यात आले. दुसऱ्या गटास मिळणाऱ्या लाभास आता अपंगत्व घटक न म्हणता ‘दुर्बलता साहाय्य’ अशा अर्थाचे वेगळे नाव देण्यात आले आहे. माजी सैनिकांच्या संघटनांनी या बदलांविषयी चिंता व्यक्त केली. पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या चालू निवृत्तिवेतनावर या नियमांचा परिणाम होणार नाही, असे संरक्षण मंत्रालयाने स्पष्ट केले. तेव्हा जुन्या निवृत्तिवेतनधारकांनी या बाबतीतील अफवांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. मात्र आज सेवेत असलेल्या जवानांनी आपल्या आजाराची नोंद, उपचार आणि त्या काळातील नेमणुकीचे ठिकाण यांचे कागद सेवेत असतानाच जमवून ठेवणे आवश्यक झाले आहे.

यापूर्वी जुलै २०२० मध्ये आणखी एक दिलासा मिळाला होता. अपंगत्वाचा सेवेशी संबंध नसल्यास अशक्तता निवृत्तिवेतन मिळते, परंतु त्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागत असे. ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी ही अट शिथिल करण्यात आली.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील अग्निवीरांसाठी वेगळी व्यवस्था आहे. त्यांना अपंगत्व निवृत्तिवेतनाऐवजी एकरकमी साहाय्य मिळते. सेवेमुळे उद्भवलेल्या वा बळावलेल्या अपंगत्वासाठी १०० टक्क्यांस ४४ लाख, ७५ टक्क्यांस २५ लाख आणि ५० टक्क्यांस १५ लाख रुपये, असे हे प्रमाण ठरविण्यात आले. भरतीच्या तयारीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा फरक आधीच समजून घेतलेला बरा.

रकमेचा हिशेब

अपंगत्व निवृत्तिवेतनाचे सेवा घटक आणि अपंगत्व घटक असे दोन भाग असतात. सेवा घटक केलेल्या सेवेबद्दल मिळतो. अपंगत्व घटक १०० टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के इतका असतो आणि टक्केवारीच्या प्रमाणात तो कमी होतो.

समजा, अखेरचे वेतन ३०,००० रुपये आहे. १०० टक्के अपंगत्वास अपंगत्व घटक ९,००० रुपये होईल. अपंगत्व २० टक्के असल्यास तो १,८०० रुपये होईल. हेच २० टक्के वरच्या टप्प्यात, म्हणजे ५० टक्के धरल्यास, रक्कम ४,५०० रुपये होते. आणि तेच अपंगत्व युद्धातील जखमेमुळे येऊन जवानास सेवेतून काढावे लागले असेल, तर १०० टक्के अपंगत्वास युद्ध-जखम घटक अखेरच्या वेतनाइतका असल्यामुळे, ५० टक्क्यांस १५,००० रुपये होतात. यावर महागाई साहाय्यही मिळते. वैद्यकीय मंडळाच्या कागदावरील एका शब्दाने किंवा एका आकड्याने घरात येणाऱ्या रकमेत केवढा फरक पडतो, हे यावरून दिसून येईल.

अर्ज कोठे व कसा करावा

दाव्याचा प्रारंभ आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयाकडून होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगाव येथे, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकी येथे, तोफखान्याचे नाशिक रोड येथे, महार रेजिमेंटचे सागर येथे आणि सिग्नल्सचे जबलपूर येथे आहे. निवृत्तिवेतनाचे आदेश प्रयागराज येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (निवृत्तिवेतन) यांच्या कार्यालयाकडून निघतात. अलीकडच्या वर्षांत हे काम ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीद्वारे चालते. दरवर्षी द्यावयाचा हयातीचा दाखलाही या प्रणालीत नोंदवावा लागतो. ही सोय सामान्य सेवा केंद्रांतही उपलब्ध आहे.

दावा फेटाळला गेल्यास निराश होण्याचे कारण नाही. फेटाळल्याचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करता येते. ते मान्य न झाल्यास दुसऱ्या अपिलाची सोय आहे. त्यानंतर २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रातील माजी सैनिकांसाठी या न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबई येथे आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावयाचा असतो, परंतु समाधानकारक कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. मात्र २००८ मधील तरसेम सिंग प्रकरणाच्या निर्णयानुसार, उशिरा दाद मागणाऱ्यास थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. हक्क पुढे सुरू राहिला तरी आधीच्या वर्षांची रक्कम विलंबामुळे हातची जाते.

पूर्वी मंजूर झालेले अपंगत्व कालांतराने वाढले असेल, तर अभिलेख कार्यालयामार्फत फेरतपासणीची मागणी करता येते. पुण्यात लष्कराच्या दक्षिण विभागाचे रुग्णालय व खडकीचे लष्करी रुग्णालय असल्यामुळे या भागातील माजी सैनिकांस त्या कामी तुलनेने सोयीचे होते. कृत्रिम अवयवांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेले पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र, पाठीच्या कण्याच्या जखमेने पंगू झालेल्यांसाठी १९७४ पासून कार्यरत असलेले खडकीचे पुनर्वसन केंद्र आणि अपंग सैनिकांच्या व्यवसाय शिक्षणासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरी तंत्रसंस्था याच जिल्ह्यात आहेत.

या सर्व पत्रव्यवहारात माजी सैनिकाचा जवळचा आधार म्हणजे पुण्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीतील हे कार्यालय अर्ज तयार करण्यास, अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करण्यास आणि अपिलाचा मार्ग दाखविण्यास साहाय्य करते. तेथे जाताना ओळखपत्राबरोबर सर्व मूळ कागद व त्यांच्या छायाप्रती नेल्यास जुन्नर किंवा घोडेगावहून पुण्यास दुसरी खेप घालावी लागत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू करून सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना मोफत कायदेशीर मदत देण्याचे पाऊल उचलले आहे.

कागद जपून ठेवावेत

डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश म्हणजे पीपीओ, वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची प्रत, रुग्णालयातून सोडल्याचे कागद, दुखापतीचा अहवाल आणि चौकशी न्यायालयाचा निष्कर्ष, हे सहा कागद प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी एकत्र असले पाहिजेत. दुखापतीचा अहवाल आयएएफवाय-२००६ या नमुन्यात असतो. दुखापत कर्तव्यावर झाली की नाही, हे त्यात नोंदविलेले असल्यामुळे त्याचे मोल मोठे आहे. वैद्यकीय मंडळाची प्रत जवळ नसल्यास अभिलेख कार्यालयाकडे मागणी करावी. ती न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. अर्जात सेना क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट आणि भरती व सेवामुक्तीचे दिनांक अचूक लिहावेत.

नाव व पत्त्यातील तफावत हीदेखील विलंबाचे कारण ठरते. सेवापत्रिकेत एक नाव, आधारपत्रात दुसरे आणि बँकेत तिसरे, असे असल्यास प्रकरण अडते. आंबेगाव तालुक्यात तर एक विशेष अडचण संभवते. डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव गाव बुडाले आणि धरणग्रस्तांचे अन्यत्र पुनर्वसन झाले. ज्यांच्या सेवापत्रिकेत जुन्या गावाचा पत्ता आहे, त्यांनी तो बदलून घेतला नसल्यास, फेटाळणीचे किंवा मंजुरीचे पत्र पाण्याखाली गेलेल्या गावाच्या नावे निघेल आणि अपिलाची मुदत त्यांच्या नकळत सरेल. पत्त्यातील बदल अभिलेख कार्यालयास कळवून त्याची पोच जपून ठेवावी.

कुटुंबीयांनाही या कागदांची माहिती असणे आवश्यक आहे. माजी सैनिकाच्या निधनानंतर त्याच्या पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतनासाठी किंवा पतीच्या हयातीतील थकबाकीसाठी याच कागदांचा आधार घ्यावा लागतो. ट्रंकेच्या तळाशी पडलेले पिवळे पडलेले पाकीट निरुपयोगी समजून टाकून दिले गेले, तर पुढे तिचे म्हणणे कितीही खरे असले तरी त्यास पुरावा उरत नाही.

अपंगत्व निवृत्तिवेतन हा सैनिकाने आपल्या शरीराची झीज सोसून मिळविलेला हक्क आहे, हे न्यायालयांनी आणि शासनाने वेळोवेळी मान्य केले आहे. नियम यापुढेही बदलत राहतील. परंतु सेवामुक्तीचा दिनांक, वैद्यकीय मंडळाचा शेरा आणि अपिलाची सहा महिन्यांची मुदत या तीन गोष्टी ज्याने ध्यानात ठेवल्या, त्याला आपला दावा वेळेवर व योग्य ठिकाणी मांडता येईल. गावोगावचे ग्रामसेवक, शिक्षक आणि लिहिणारे-वाचणारे तरुण यांनी आपल्या गावातील वृद्ध माजी सैनिकांचे व वीरपत्नींचे कागद एकदा पाहून द्यावेत. एका दुपारच्या या कामातून एखाद्या घरास आयुष्यभराचा आधार मिळू शकेल.